सावलीच्या वाटेवरचे इस्लामपूर

पुणे-बेंगळुरू महामार्गाने दक्षिणेकडे जाताना कराड मागे पडले की पेठ नाका येतो. तिथून डाव्या हाताला वळले की थोड्याच वेळात इस्लामपूर. कृष्णा आणि वारणा यांच्यामधला हा वाळवा तालुका उसासाठी, साखर कारखान्यासाठी आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारसाठी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सूर्यग्रहणांच्या इतिहासातही या मुलखाला जागा आहे, ती मात्र फारशी कुणी सांगत नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी चंद्राची गडद सावली विजयदुर्गाजवळ कोकण किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून कराडवरून पुढे सरकली आणि तासाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने ईशान्येकडे निघून गेली. या सावलीचा पट्टा सुमारे ८०-९० किलोमीटर रुंद होता. कराड त्याच्या जवळजवळ मध्यावर होते आणि इस्लामपूर त्याच्या दक्षिणेच्या अर्ध्या भागात. वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याचे नाव सांगली पुढे पडले. म्हणजे त्या दिवशी सातारा जिल्ह्याच्या या टोकाला, डोक्यावर सूर्य असताना, दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ अंधार झाला होता.

पृथ्वीवरच्या एखाद्या ठरावीक ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी ३७५ वर्षांतून एकदा येते. बेल्जियमचे गणिती ज्याँ मेयस यांनी काढलेला हा आकडा आहे. या हिशेबाने गावात एकदा खग्रास झाले की पुढच्या पंधरा पिढ्यांनी वाट पाहायची. इस्लामपूरचे नशीब मात्र जोरावर होते. १८९८ च्या आधी तीसच वर्षे, १८ ऑगस्ट १८६८ रोजी सकाळी, आणखी एक खग्रास ग्रहण याच भागावरून गेले. त्याचा पट्टा खूपच रुंद होता. कोल्हापूर-सांगलीपासून विजापूरपर्यंतचा मुलूख त्यात आला आणि सावली पुढे गुंटूर, मच्छलीपट्टणमकडे गेली. इथे अंधार चार-पाच मिनिटे टिकला असणार. १८६८ साली लहान असलेल्या आणि १८९८ साली चाळिशीत आलेल्या वाळव्यातल्या शेतकऱ्याला एकाच आयुष्यात, आपल्याच शिवारात उभे राहून, दोन खग्रास ग्रहणे मिळाली. जगभर पैसे खर्चून ग्रहणामागे धावणाऱ्या हौशी लोकांनाही हेवा वाटावा असा हा योग.

१८६८ साली सांगलीच्या पलीकडच्या जमखंडीत, पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. ऑगस्ट महिना, त्यामुळे ढगांची ये-जा चालूच होती. तरीही सूर्याच्या कडेवरच्या गुलाबी ज्वाळांचा प्रकाश त्यांनी मिळाला तेवढ्या वेळात वर्णपटातून तपासला आणि त्यात सलग रंगपट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्यावरून कळले. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी तेच पाहिले आणि त्या रेषा इतक्या ठळक आहेत की ग्रहणाशिवायही दिसतील, हे हेरून दुसऱ्याच दिवशी त्या पुन्हा पाहून दाखवल्या.

इथे एक गैरसमज दूर केलाच पाहिजे, कारण तो आपल्याकडे फलकांवर आणि भाषणांत पक्का बसला आहे. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून ग्रहण पाहून हेलियम शोधला, असे सर्रास सांगितले जाते. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. खरे तर लॉकयर १८६८ साली इंग्लंडमध्येच होते. त्यांनी सूर्याच्या कडेच्या रेषा त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिल्या. सोडियमच्या रेषेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी पिवळी रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची आहे हे त्यांनी ओळखले आणि ते मूलद्रव्य पृथ्वीवर विल्यम रॅम्झी यांना सापडायला १८९५ साल उजाडले. लॉकयर विजयदुर्गाला आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी. ओटे त्या मोहिमेचे. दोन वेगळ्या ग्रहणांची ही गोष्ट एकत्र शिवली गेली आहे. विजयदुर्गाचा मान खऱ्या हकिकतीने तसूभरही कमी होत नाही. ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी तिथे लॉकयर यांच्या हाताखाली होते. शंभरावर माणसांची कामे वाटून दिलेली, रोज तालीम चाललेली. दुर्बिणीला कधी हात न लावलेल्या खलाशांना सूर्याभोवतीच्या प्रभेचे चित्र दोन मिनिटांत कसे काढायचे, हे शिकवले गेले.

सावली पुढे करमाळ्याजवळच्या जेऊर स्टेशनावर गेली. तिथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची छावणी होती आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ती पुण्याची वेधशाळा नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाल्यावर बंद पडली, ही आपल्या विज्ञानाच्या इतिहासातली मोठीच हानी. पण जेऊरबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक जवळची वाटते ती विदर्भातली छावणी, पुलगावच्या अलीकडे तळणी या लहानशा स्टेशनाजवळची. तिथे जमलेली मंडळी हौशी होती.

ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही संस्था १८९० साली हौशी निरीक्षकांसाठी निघाली. वेधशाळेत पगारी नोकरी नसलेल्या आणि संध्याकाळी अंगणात दुर्बीण लावणाऱ्या माणसांची ती. स्त्रियांना तिथे पहिल्यापासून सभासद होता येत असे; रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तेच दार १९१६ साली उघडले. तळणीच्या गटात ग्रिनिचचे वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. ॲनी स्वतः ग्रिनिच वेधशाळेत आकडेमोडीचे काम करत. लग्न झाल्यावर तेव्हाच्या नियमाप्रमाणे १८९५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. म्हणजे तळणीला त्या आल्या त्या हौशी निरीक्षक म्हणूनच. त्यांचा कॅमेरा छोटा होता, भिंगाचा व्यास दीड इंचाचा. जेऊरच्या चाळीस फुटांपुढे तो खेळण्यासारखा. पण त्याचे भिंग आकाशाचा रुंद भाग टिपणारे होते आणि बाईंनी त्याचा नेमका उपयोग केला. त्यांच्या काचेवर प्रभेचा एक लांबच लांब झोत उमटला, सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदा पट, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर. प्रभेचा इतका लांब पसरलेला भाग त्याआधी कोणाच्याच छायाचित्रात आलेला नव्हता. मोठमोठ्या कॅमेऱ्यांचे लक्ष सूर्याच्या कडेजवळ होते. दूर काय आहे हे पाहण्याची सोय या लहान कॅमेऱ्यात होती.

त्याच छावणीत जॉन एव्हरशेड होते. नोकरी सांभाळून सूर्याचा अभ्यास करणारा हा माणूस तेव्हा हौशीच. तळणीत त्यांनी ग्रहणाच्या क्षणी सूर्याच्या कडेचा वर्णपट जंबुपार भागापर्यंत टिपला आणि त्यात हायड्रोजनच्या रेषांची मालिका जिथे संपते, त्याच्या पलीकडे पसरलेला मंद प्रकाश सापडला. पुढे १९०७ साली हेच एव्हरशेड कोडाईकनालच्या वेधशाळेत रुजू झाले आणि १९०९ साली सूर्यडागांमधून बाहेर वाहणारा वायू त्यांनी शोधला. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून आहे.

ग्रहणानंतर ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनने जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तळणीचा गट, बिहारात बक्सरला गेलेला गट, वाटेत इतरत्र उतरलेले सभासद, अशा सगळ्यांची निवेदने, रेखाटने आणि छायाचित्रे एकत्र करून वॉल्टर माँडर यांनी १८९९ साली भारतातल्या ग्रहणावर एक जाड पुस्तक संपादित केले. कोणी प्रभा कशी दिसली ते लिहिले, कोणी उजेडाचा रंग, कोणी तापमान. कागदावर उतरले ते राहिले. बक्सरला जादूगार नेव्हिल मॅस्केलाइन यांनी ग्रहणाचा चलच्चित्रपट घेतला होता. परतीच्या वाटेत ती फीत चोरीला गेली आणि जगातला तो पहिला प्रयत्न कायमचा हातचा गेला. १९०० साली अमेरिकेत त्यांनी तो पुन्हा केला, ती फीत मात्र टिकून आहे.

अनेकांनी मिळून एक ग्रहण पाहण्याची रीत त्याहून जुनी आहे. ३ मे १७१५ रोजी इंग्लंडवरून खग्रास जाणार होते, तेव्हा एडमंड हॅली यांनी सावलीच्या वाटेचा नकाशा छापून वाटला आणि लोकांना विनंती केली की तुमच्याकडे लंबकाचे घड्याळ असेल तर अंधार किती वेळ टिकला ते मोजा आणि कळवा. पट्ट्याच्या मध्यावर अंधार जास्त वेळ टिकतो, कडेकडे तो कमी होत जातो आणि कडेबाहेर शून्य होतो. म्हणून गावोगावचे सेकंद जमले की सावलीची कड कुठून गेली हे नकाशावर आखता येते. २४ जानेवारी १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वीज कंपनीने आपली माणसे मॅनहॅटनच्या गच्च्यांवर उभी केली. शहाण्णवाव्या रस्त्याच्या अलीकडच्या माणसांना सूर्याचा कण शिल्लक दिसला, पलीकडच्यांना खग्रास. एका रस्त्याच्या रुंदीपर्यंत सावलीची कड सापडली, आणि ती शोधायला घड्याळ किंवा दुर्बीण यांच्यापेक्षा ओळीने उभी राहिलेली माणसे लागली. २०१७ साली अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत ६८ सारख्या दुर्बिणी विद्यार्थ्यांच्या आणि हौशी निरीक्षकांच्या हाती देऊन प्रभेची सलग चित्रे घेतली गेली, ती याच रीतीने.

खंडग्रास आणि खग्रास यांच्यात फरक किती, हे इस्लामपूरच्या जुन्या लोकांना १९८० च्या अनुभवावरून सांगता येईल. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी सावलीचा पट्टा अंकोला, हुबळी, रायचूर असा कर्नाटकातून गेला. सांगली जिल्हा त्याच्या उत्तरेला राहिला. इथून सूर्य नव्वद टक्क्यांहून अधिक झाकला गेला, ऊन फिके पडले, सावल्या विचित्र धारदार झाल्या आणि संपले. मुंबईचे रस्ते त्या दुपारी ओस पडले होते; लोकांनी घरात बसावे म्हणून दूरदर्शनने हिंदी चित्रपट दाखवला. ज्यांनी धीर करून पाहिले त्यांनाही प्रभा दिसली नाही, कारण दिसणे शक्यच नव्हते. सूर्याभोवतीच्या प्रभेचा उजेड पूर्ण सूर्याच्या दहा लाखांश, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका. सूर्याचा एक टक्का भाग उघडा राहिला तरी त्याचे तेज प्रभेच्या दहा हजार पट असते. ट्रकच्या झगझगीत दिव्यासमोर काजवा शोधावा, तशी गत. म्हणून नव्व्याण्णव टक्के ग्रहण हे खग्रासाच्या जवळचे ग्रहण नव्हे. ज्याला खग्रास पाहायचे त्याने पट्ट्यात जाऊन उभे राहिलेच पाहिजे.

पट्ट्यात काय घडते? शेवटच्या काही मिनिटांत पश्चिमेचे आकाश काळवंडत येते. सूर्याची कोर धाग्याएवढी होते, मग चंद्राच्या डोंगरदऱ्यांमधून डोकावणाऱ्या प्रकाशाचे मणी उरतात, मग एकच मणी. तो विझला की सूर्याच्या जागी काळे वर्तुळ आणि त्याभोवती मोतिया रंगाची प्रभा. ही प्रभा उघड्या डोळ्यांनी पाहता येते, पण फक्त त्या काळ्या वर्तुळाच्या मिनिटांत. कडेला गुलाबी ज्वाळा दिसतात, ग्रह चमकू लागतात, आणि क्षितिजावर चारही दिशांना संध्याकाळचा तांबूस पट्टा असतो, कारण सावलीच्या पलीकडे सर्वत्र ऊनच असते. प्रभेचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक. खालचा पृष्ठभाग मात्र साडेपाच हजार अंशांचा. वरचा थर खालच्यापेक्षा इतका गरम कसा, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. ते सोडवण्यासाठीच भारताचे ‘आदित्य एल-१’ हे यान सप्टेंबर २०२३ मध्ये निघाले. त्यावरच्या उपकरणात सूर्याची तबकडी झाकून कृत्रिम ग्रहण केले जाते आणि प्रभा रोज पाहिली जाते.

या दोन-चार मिनिटांत एका माणसाच्या डोळ्यांत सगळे मावत नाही. एकाच माळरानावर शेजारी उभे असलेल्या चौघांना विचारा. एकाला ज्वाळा आठवतात, दुसऱ्याला घरट्याकडे निघालेले पक्षी, तिसऱ्याला गार वाऱ्याची झुळूक, चौथा कॅमेऱ्यावरची गाळणी काढायची विसरला आणि त्यातच वेळ गेला. प्रभेची लांबी किती होती यावर तर हटकून वाद होतो, कारण ती डोळे अंधाराला किती सरावलेले होते यावर ठरते. म्हणून अनुभवी मंडळी दोन गोष्टी करतात. पहिली, मोबाईल खिशात ध्वनिमुद्रणाला लावून ठेवतात. माणसांचे उद्गार, कुत्र्यांचे भुंकणे, कोणी मोठ्याने मोजलेले सेकंद, सगळे त्यात येते आणि नंतर प्रत्येक क्षणाची वेळ काढता येते. दुसरी, ग्रहण संपल्यावर एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले टिपण लिहायचे. आधी गप्पा झाल्या की दुसऱ्याने पाहिलेले आपल्याला दिसल्यासारखे वाटू लागते. पहिलेच खग्रास असेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रभेची उत्तम छायाचित्रे जगात भरपूर आहेत. तुमच्या नजरेचे टिपण मात्र तुमच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही.

महाराष्ट्रात हौशी निरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. मुंबईचे खगोल मंडळ ऐंशीच्या दशकातले. भारतातल्या अलीकडच्या खग्रासांचे नशीब मात्र वेगवेगळे. २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण राजस्थानपासून बंगालपर्यंत गेले, राजस्थानात खग्रास एक मिनिटसुद्धा नव्हते, तरी आकाश स्वच्छ मिळाले. ११ ऑगस्ट १९९९ ला गुजरातेतून सावली गेली आणि पावसाळी ढगांनी बहुतेक ठिकाणी पाणी फिरवले. २२ जुलै २००९ ला सुरतेत ढग, पाटण्याजवळ तारेगणात ढग, पण वाराणसीच्या घाटांवर खग्रास दिसले. ढगाखाली सापडलेल्यांच्या हकिकतीही ऐकण्याजोग्या असतात: सूर्य दिसत नाही, पण दिवसाढवळ्या अंधार झपकन अंगावर येतो, आणि सावलीचा वेग तिथे अधिक जाणवतो.

आपल्या गावांत ग्रहण म्हटले की वेध, स्पर्श, मोक्ष, गरोदर बाईने चिरू-कापू नये, पाण्यात तुळशीपत्र, आणि मोक्षाच्या वेळी ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ची हाक. परातीत पाणी घालून मुसळ उभे करायचे आणि ते उभे राहिले की ग्रहण लागले, असेही मानतात. मुसळाचे बूड सपाट असेल तर ते कोणत्याही दिवशी उभे राहते, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती हे गावोगाव करून दाखवते. भीती घालवण्यासाठी असे प्रयोग हवेतच. मात्र त्याच उत्साहात डोळ्यांची काळजी विसरू नये. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांतले काहीच सुरक्षित नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना समजत नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंगची काच घ्यावी.

नाहीतर झाडाखाली जावे. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती ग्रहण होते आणि आपल्याकडे खंडग्रास. अशा वेळी चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत जमिनीकडे पाहिले, तर रोजचे गोल कवडसे जाऊन तिथे शेकडो चंद्रकोरी पडलेल्या असतात, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. पानांमधली प्रत्येक फट सूर्याची उलटी प्रतिमा पाडते. घरातली विरळ छिद्रांची चाळण घेऊन ती पांढऱ्या कागदापासून हात-दीड हात वर धरली तरी तेच. चाळण हळूहळू कागदापासून दूर नेली की कोरी मोठ्या आणि फिक्या होतात. त्या कागदावर पेन्सिलीने दर पाच मिनिटांनी एक कोर गिरवली आणि शेजारी वेळ लिहिली, तर शाळेतल्या मुलांच्या हातची ग्रहणाची संपूर्ण नोंद तयार होते. स्पर्श आणि मोक्षाच्या वेळा सोलापूरच्या दाते पंचांगात छापलेल्या असतातच. मुलांनी त्यांच्याशी आपल्या वेळा ताडून पाहाव्यात.

भारतातून पुढचे खग्रास २० मार्च २०३४ रोजी दिसेल, तेही लडाख-काश्मीरच्या उत्तर भागातून. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ रोजी इजिप्तमधल्या लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे आणि पश्चिम भारतातून तेच दुपारनंतर खंडग्रास. वाळव्यात तेव्हा पावसाळा असेल. आकाश भरून आले तरी काम थांबत नाही. सावलीत टांगलेला तापमापक, उजेड मोजणारे मोबाईलमधले ॲप, आणि ग्रहणाच्या आधीपासून नंतरपर्यंत दर पाच मिनिटांनी दोन आकडे लिहिणारी दोन मुले, एवढे पुरते. तेच काम त्याच वेळी इस्लामपूरबरोबर पेठ, आष्टा, बोरगाव, कासेगावच्या शाळांनी केले, तर संध्याकाळपर्यंत पाच गावांचे आकडे एका कागदावर शेजारीशेजारी मांडता येतील.